गच्चीवरच्या छत्र्या

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं सेक्रेटरींनी मला गणपतीतच सांगून ठेवलं होतं. पाण्याची टाकी, बोअरवेल, लिफ्ट आणि पार्किंगची भांडणं यांवर लिहायला माझ्यापेक्षा जाणकार सभासद आहेत. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. तेव्हा आपल्याला जमेल तेच लिहावं म्हणून एका सकाळी गच्चीवर गेलो आणि छत्र्या मोजल्या. पावसाच्या नव्हे, टीव्हीच्या.

दोन्ही विंग मिळून 23 भरल्या. त्यातल्या चालू 6. बाकीच्या गंजल्या आहेत, काहींच्या वायरी उंदरांनी खाल्ल्यात, एकीत कबुतराने घरटं केलंय. येत्या सर्वसाधारण सभेत गच्चीवर सोलर बसवायचा विषय आहे आणि त्यासाठी "गच्चीवरील सर्व डिश अँटेना काढून भंगारात देणे" असा ठराव येणार आहे. ठराव बरोबरच आहे. पण तो मंजूर होण्याआधी या छत्र्यांचा इतिहास एकदा सांगावासा वाटतो, कारण त्यातल्या एका छत्रीबद्दल माझं थोडं म्हणणं आहे.

आपल्यापैकी जे नाशिकहून पुण्याला जातात त्यांना नारायणगाव माहीत आहे. तिथून जवळच आर्वी गावी 1971 साली उपग्रह दळणवळणाचं केंद्र सुरू झालं. विक्रम साराभाईंच्या नावावरून त्याला विक्रम भू-केंद्र म्हणतात. तिथल्या तबकडीचा व्यास जवळजवळ 30 मीटर, म्हणजे 97 फूट. आपली अख्खी ए विंग तिच्यात आडवी मावली असती. उपग्रहाकडून येणारा संदेश इतका क्षीण असायचा की तो गोळा करायला एवढी मोठी परात लागायची. अशी परात सरकार बांधू शकतं, गावातली शाळा बांधू शकत नाही.

साराभाईंना मात्र टीव्ही गावातल्या शाळेपर्यंतच न्यायचा होता. शहरात टॉवर उभारायचे, मग तालुक्यात, मग खेड्यात, असं करत बसलो तर खेड्याचा नंबर यायला पिढ्या जातील. त्यापेक्षा टॉवर थेट आकाशातच ठेवला तर शहर आणि खेडं यांना एकदमच दिसेल, असा त्यांचा विचार. 1971 च्या डिसेंबरात साराभाई गेले, पण काम थांबलं नाही. अमेरिकेच्या नासाने मे 1974 मध्ये एटीएस-6 नावाचा उपग्रह सोडला होता. त्यावर 30 फुटांची, छत्रीसारखी उघडणारी अँटेना होती. हिशोब असा की वरची अँटेना मोठी आणि ताकदवान केली की खालची लहान चालते. तो उपग्रह भारताला एका वर्षासाठी वापरायला मिळाला. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत टीव्ही थेट उपग्रहावरून दिसला. या प्रयोगाचं नाव 'साइट'. त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस, 1925 साली कोल्हापुरात जन्मलेले.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. कार्यक्रम हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नडमध्ये. पण तरीही मी तो पाहिला, आणि आयुष्यातला पहिला टीव्ही तोच.

आईचे मामा विजापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक होते. 1976 च्या मे महिन्यात मी सातवीची परीक्षा देऊन आजोबांबरोबर त्यांच्याकडे गेलो. गावात वीज होती, पण ती असून नसल्यासारखी. शाळेच्या छपरावर 10 फुटांची गोल छत्री होती, आणि ती चक्क खुराड्याला लावतात तसल्या जाळीची! संध्याकाळी व्हरांड्यात टीव्ही लावला की पुढे पोरं, मागे बाप्ये आणि भिंतीकडेला बाया बसायच्या. शेतीचं काहीतरी चालायचं, कन्नडमधून. मला ओ की ठो कळायचं नाही. एकदा बैलाच्या लाळ्या-खुरकुताबद्दल होतं, तेवढं चित्रावरून समजलं. मग दिल्लीहून हिंदी कार्यक्रम लागला की मीच शेजारच्या पोराला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगायचो.

गंमत बघा. आम्ही नाशिकचे, पंचवटीत वाड्यात राहणारे, मनात स्वतःला शहरातले समजणारे. आमच्या अख्ख्या आळीत टीव्ही नव्हता. मुंबई दूरदर्शन 1972 पासून सुरू होतं, पण मध्ये सह्याद्री उभा. आणि त्या खेड्यातल्या पोरांना रोज टीव्ही दिसत होता. मी परत येऊन वर्गात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

31 जुलैला वर्ष संपलं. ठरल्याप्रमाणे उपग्रह परत गेला. पुढच्या वर्षी मामांचं पत्र आलं त्यात एक ओळ होती की छत्री तशीच आहे, शिपायाने तिच्यावर दोडक्याचा वेल चढवलाय. घरी सगळे हसले. मला मात्र त्या पुढे बसणाऱ्या पोरांची आठवण झाली. दाखवून काढून घेतलं, असं काहीतरी वाटलं.

यानंतर आपण स्वतःचा उपग्रह करायला घेतला. इन्सॅट-1 प्रकल्पाच्या प्रमुखपदी पुण्याचे प्रमोद काळे होते. पहिला इन्सॅट-1ए एप्रिल 1982 मध्ये गेला आणि त्याच सप्टेंबरात त्यातलं इंधन संपून निकामी झाला. दुसरा, इन्सॅट-1बी, 30 ऑगस्ट 1983 रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून गेला. त्याचंही सौरपंख उघडेना. शेवटी सप्टेंबरच्या मध्यावर ते उघडलं. याच उपग्रहामुळे दिल्लीचा कार्यक्रम देशभरच्या लहान सहक्षेपण केंद्रांना पोचू लागला. 1984 मध्ये तर सरासरी दिवसाला एक केंद्र असा वेग होता. त्या काही वर्षांत नाशिकलाही केंद्र आलं आणि 'हमलोग', 'रामायण' आपण बघू लागलो. शिवाय इन्सॅटवर खेड्यांतल्या छत्र्यांसाठी थेट प्रक्षेपणाची वेगळी सोय होती, आणि या वेळच्या राज्यांत महाराष्ट्रही होता.

इथे शिक्षकाची खोड म्हणून थोडं विज्ञान सांगतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तिला 23 तास 56 मिनिटं लागतात. विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर त्यालाही एका फेरीला बरोबर तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे खालून बघणाऱ्याला तो आकाशात एकाच जागी उभा दिसतो. याला भूस्थिर उपग्रह म्हणतात. अशा तीन उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल हे आर्थर क्लार्क या लेखकाने 1945 सालीच मांडलं होतं. उपग्रह हलत नाही म्हणून छत्रीही हलवावी लागत नाही. एकदा नेम धरला की झालं. इन्सॅट-1बी 74 अंश पूर्व रेखांशावर होता आणि आपलं नाशिक जवळजवळ त्याच रेखांशावर आहे. म्हणजे तो आपल्याला अगदी सरळ दक्षिणेला, आपलं हक्काचं नक्षत्र असल्यासारखा होता.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. नोंदणी झाली 2000 साली, आणि घरगुती छत्रीला केंद्र सरकारने परवानगी दिली तीही त्याच वर्षी नोव्हेंबरात. त्याआधी 1997 मध्ये तर या सेवेवर सरकारने बंदीच घातली होती. आपण राहायला आलो तेव्हा सगळीकडे केबल होती. केबलवाल्याची मोठी छत्री त्याच्या गच्चीवर आणि त्याच्या वायरी झाडांवरून, खांबांवरून आपल्या जिन्यात. ऐन मॅचमध्ये केबल गेली की सगळे खाली गेटपाशी जमायचे, ही आपली पहिली सार्वजनिक सभा.

2003 मध्ये पहिली खासगी डीटीएच सेवा आली, डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची फुकट सेवा, 2006 मध्ये आणखी एक मोठी. त्यासाठी डिसेंबर 2005 मध्ये इन्सॅट-4ए गेला होता. आता छत्री दोन फुटांची झाली. आर्वीची 97 फूट, विजापूरकडची 10 आणि आपली 2! वरच्या उपग्रहाची ताकद वाढत गेली आणि लहरींची लांबी कमी होत गेली, त्याचा हा परिणाम. पण लहान लहरीला पाऊस आडवा येतो. अडीच सेंटीमीटरची ती लहर, दाट सरीत तिची ताकद थेंबांमध्येच जिरते. म्हणून जुलैत ऐन रंगात आलेली मालिका गोठायची आणि बी विंगमधल्या काकू गच्चीवर जाऊन छत्री कापडाने पुसायच्या. काकू, आता सांगतो, पुसून काही होत नव्हतं. सर थांबायची तेव्हाच चित्र यायचं. तसंच मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दुपारी बाराच्या आसपास पाचदहा मिनिटं चित्र जायचं, तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असायचा. त्यात छत्री बसवणाऱ्याची चूक नव्हती.

2011 च्या वर्ल्ड कप फायनलची रात्र सगळ्यांना आठवत असेल. धोनीने षटकार मारला आणि केबलवाली घरं ओरडली. छत्रीवाले अजून बॉलरचा रनअपच बघत होते! लहरीला वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. छत्रीच्या बाबतीत ही चक्कर दोनदा होते, वर चित्र दाबून बांधण्यात आणि उलगडण्यात आणखी काही सेकंद जातात. त्या रात्री ए विंगमधल्या काकांनी रागारागाने खिडक्या लावून घेतल्या होत्या.

2009 च्या पावसाळ्यातलं भांडण मात्र विसरण्यासारखं नाही. छत्र्या बसवणाऱ्या पोरांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये बिनधास्त भोकं पाडली होती. वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत पाणी उतरलं, एका घरात तर गादीवर. ज्यांच्या छत्र्या ते खालच्या मजल्यावरचे, ज्यांचं छत गळतं त्यांच्याकडे केबल. मग सगळ्या छत्र्या कठड्याला लोखंडी अँगलवर लावायच्या असं ठरलं, तर प्रत्येकाला तोच एक कोपरा हवा. याचंही कारण तेच. हे उपग्रह 83 ते 95 अंश रेखांशावर, म्हणजे आपल्या पूर्वेला, आणि विषुववृत्तावर असल्याने दक्षिणेला. म्हणून सगळ्या छत्र्यांचं तोंड आग्नेयेकडे. वास्तुशास्त्राचा काही संबंध नाही. त्या वर्षी मी कमिटीवर होतो. आम्ही नियम केला की एका फ्लॅटची एकच छत्री, आणि सभासदाशिवाय कुणाचीही वस्तू गच्चीवर ठेवायची नाही.

हा नियम मीच लिहिला होता, म्हणून पुढचं मलाच सांगायला हवं.

2012 मध्ये आपल्या वॉचमनकाकांनी दूरदर्शनची फुकट सेवा घेतली. एकदाच छत्री आणि डबा विकत घ्यायचा, महिन्याचे पैसे नाहीत. त्यांनी ती केबिनच्या स्लॅबवर लावली, पण चित्र येईना. मला बोलावलं. मी बघितलं आणि लगेच कळलं. तो उपग्रह नाशिकहून आग्नेयेला, क्षितिजापासून 57-58 अंशांवर आहे. केबिन भिंतीपासून पंधरा फुटांवर आणि आग्नेयेला चार मजली ए विंग उभी. आपली इमारत त्यांच्या आकाशातच येत होती. छत्री गच्चीवर लावली की काम होणार होतं. काका म्हणाले, "सर, मग वर लावू का? वायर मी आणतो." मी नियम सांगितला. एकाला परवानगी दिली तर सगळे मागतील, असंही म्हणालो. काका "बरं सर" म्हणाले आणि छत्री उतरवून केबिनमागे ठेवली. त्यावर पुढे बादल्या उपड्या घालायचे. मला त्या वेळी त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

2013 मध्ये सरकारने नाशिकच्या केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा केला आणि आणखी काही घरं छत्रीकडे वळली. मग फायबरचं इंटरनेट आलं, मोबाइल आले, आणि छत्र्या एकेक करून बंद पडत गेल्या.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. मी तेव्हा निवृत्तीला एक वर्ष असलेला शिक्षक. रोज मोबाइलसमोर बसून प्रकाशाचं परावर्तन शिकवायचो. पटावर मुलं 52, पडद्यावर कधी 20 तर कधी 17. बाकीच्यांकडे फोन नव्हता, किंवा असला तरी तो बापाबरोबर कामाला जायचा. मी हजेरी घ्यायचो आणि पुढे जायचो. जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. एकदा दूध आणायला खाली गेलो तर काकांची मुलगी केबिनच्या पायरीवर बसून बी विंगच्या तळमजल्यावरच्या खिडकीतून आतला टीव्ही बघत होती. आवाज तिला ऐकू येत नव्हता. ती तेव्हा चौथीत होती.

मला विजापूरकडचा तो व्हरांडा आठवला. तिथे निदान सगळ्यांना पुढे बसू दिलं होतं.

त्याच दुपारी मी आणि काकांनी बादल्या खालची छत्री काढली, घासली, आणि गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात माझ्याच बंद पडलेल्या छत्रीच्या अँगलवर लावली. वायर माझ्या गॅलरीतून खाली सोडली. नेम धरायला तासभर लागला. खालून मुलगी ओरडायची, "नाही आलं... नाही... आलं आलं!" कमिटीला मी विचारलं नाही. ठराव झाला नाही, नोंदही नाही. हे पाच वर्षांनी स्मरणिकेतून कबूल करतोय, दंड असेल तर भरीन.

पोरीने आमच्या नियमापेक्षा उपग्रहाचा चांगला उपयोग केला. वहीत तारखा घालून टिलीमिलीचे पाठ लिहून ठेवले होते. शिवाय दुसऱ्या विंगच्या कामाच्या मावशींची दोन मुलंही तिथेच बसायची, तोंडाला फडकी बांधून. केबिनमध्ये आमची एक शाळाच झाली.

आपल्या नाशिकला हे काही नवीन नाही. गंगापूर रस्त्याने पुढे गोवर्धनला आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. उपग्रहावरून शिकवण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगासाठी देशातली जी तीन विद्यापीठं निवडली होती त्यात ते होतं. तेव्हा इन्सॅट-3बी वापरला गेला. मग 20 सप्टेंबर 2004 रोजी श्रीहरिकोट्याहून खास शिक्षणासाठी एज्युसॅट सोडला, तोही 74 अंशांवर, पुन्हा आपल्या बरोबर दक्षिणेला. सप्टेंबर 2010 पर्यंत त्याने काम केलं.

साराभाईंपासून सगळ्यांची मूळ कल्पना हीच होती की ज्याच्यापर्यंत वायर पोचणार नाही त्याच्यापर्यंत आकाशातून पोचायचं. आपण पुढे त्यातून चॅनेलांची पॅकेजं घेतली, त्यात वाईट काही नाही, मीही घेतली. आता आपल्याला फायबर मिळालंय आणि छत्री नको झालीय. तेही साहजिक आहे. पण उपग्रह अजून तिथेच आहे. आजचा जीसॅट-15 हा नोव्हेंबर 2015 मध्ये गेलेला, 93.5 अंशांवर उभा आहे आणि फुकट सेवा त्याच्यावरूनच येते. तो फ्लॅट आणि केबिन असा भेद करत नाही. भेद करायला मध्ये आपली इमारत लागते.

काकांची मुलगी आता नववीत आहे. विज्ञानात तिला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडतात, हे मी मुद्दाम सांगतो. मागच्या आठवड्यात भंगाराचं कानावर आल्यावर काकांनी मला विचारलं, "सर, आमची पण काढायची का?" मी म्हटलं, सभेत बघू.

म्हणून सर्व सभासदांना विनंती आहे. मोजलेल्या 23 छत्र्यांपैकी 22 खुशाल काढा. ज्यांच्या पाच चालू आहेत त्यांच्याशी मी बोललोय, चौघं तयार आहेत आणि पाचवे काका वर्ल्ड कपच्या आठवणीने अजून फुरंगटलेत, पण तेही ऐकतील. त्या कोपऱ्यात एक पॅनेल कमी बसेल. माझ्या हिशोबाने सावलीमुळे तिथलं पॅनेल तसंही कामाचं नाही. 2009 चा नियम मी लिहिला होता, तेव्हा त्यातली दुरुस्तीही मीच मांडतो: "वॉचमन केबिनसाठी गच्चीवर एक डिश अँटेना ठेवण्यास ही सभा कायमस्वरूपी मंजुरी देत आहे."

सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे.